गार्डसाहेबांचे शंभर तास

मी आयुष्यात एकूण वीस मिनिटं विमान चालवलं आहे. ही थाप नाही. तसं लेखी माझ्याकडे आहे, खाली दोन सह्या आहेत आणि त्यातली एक माझीच आहे. पण ती वीस मिनिटं खरोखर माझी होती की दुसऱ्या कुणाची, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता तोंडात कवळी आली तरी कळलेलं नाही. ज्यांच्यामुळे हा घोटाळा माझ्या डोक्यात कायमचा बसला ते विमानवालेही नव्हते. ते रेल्वेत गार्ड होते.

तेव्हा मी लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. मूळचा परंदवडीचा, घरची शेती, पण मॅट्रिकपर्यंत कसाबसा पोचलो म्हणून वडिलांनी रेल्वेत चिकटवून दिलं. भाजीच्या करंड्या, तुंगार्लीच्या बंगल्यांवर येणाऱ्या ट्रंका आणि हवापालटाला येणाऱ्या शेठलोकांची कुत्री, एवढं सगळं माझ्या टेबलावरून जायचं. कुत्र्याचंही तिकीट फाडावं लागे आणि त्याला गार्डाच्या डब्यातून प्रवास करावा लागे. त्यामुळे माझी सगळ्या गार्डांशी ओळख. बाकीचे येऊन टेबलावर बसत, पान लावत, घरच्या तक्रारी सांगत. हे गार्डसाहेब मात्र दारात उभे राहत आणि घड्याळ काढत.

"आलो नऊ एकला. सुटणार नऊ सहाला. बोला पार्सलबाबू."

आणि नऊ सहाला सुटत. माझं वाक्य अर्धं असलं तरी, हातातला चहा अर्धा असला तरी. पहिल्या वेळी मला तो अपमान वाटला होता. पुढे कळलं की घरीही हेच. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं घर होतं. तीन-चार पिढ्या तिथेच राहिलेलं मुसलमान कुटुंब, भावांचं खिळे-कोयंड्यांचं दुकान, घरात सगळे मराठीच बोलत. गाडीवर गार्डाला एक वही लिहावी लागते. गाडी कुठे किती वाजता सुटली, कुठे किती उशीर झाला, का झाला. काही वावगं घडलं तर खाली ड्रायव्हरचीही सही घ्यायची, म्हणजे एकट्याच्या शब्दावर काही राहत नाही. तशीच एक वही गार्डसाहेबांनी घरी ठेवली होती. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. 'जेवण, उशीर चार मिनिटं. कारण: मीठ सापडेना.' खाली सहीची जागा रिकामी.

"भाभी सही करत नाहीत?" मी विचारलं.

आतून भाभींचाच आवाज आला. "मीठ सापडेना हे मी लिहून देऊ? उद्या त्यांच्या बहिणी वाचतील की!"

नमाजाची वेळ तेवढी त्यांच्या घड्याळात बसत नसे. ती रोज मिनिट-मिनिट सरकते. पण त्यावर वैतागायचं सोडून गार्डसाहेब खूश असत. "बघा, सूर्यसुद्धा रोज नवीन टाइमटेबल छापतो," असं ते कौतुकानं म्हणत. मला त्यांच्या ह्या कौतुकाचं फार कौतुक वाटे.

असला माणूस आकाशात गेला कसा, तर एका कुत्र्यामुळे. तुंगार्लीला एका शेठजींचा बंगला होता. त्यांचा मोठा झिपरा कुत्रा एकदा ह्यांच्या डब्यातून मुंबईहून आला. मालकाला कुत्रा ताब्यात देताना गार्डसाहेबांनी सोबत एक कागद दिला. 'कल्याणपर्यंत झोप. कर्जतला पाणी प्यायला. घाटात भुंकला, अकरा वेळा, सगळ्या वेळा बोगद्यात. नंतर शांत.' शेठजी तो कागद हातात धरून माझ्या ऑफिसात पाच मिनिटं हसत होते. मग एकदम गंभीर झाले. त्यांनी हौसेनं एक विमान घेऊन ठेवलं होतं. दोन माणसांचं, कापडी पंखांचं. त्यात ते एकदाच बसले आणि उतरल्यावर दोन दिवस फक्त ताकावर राहिले. तेव्हापासून विमान नुसतं पडून होतं. शेठजींना वाटलं, कुत्र्याचा एवढा हिशेब ठेवणारा माणूस आपल्या यंत्राची हेळसांड करणार नाही. त्यांनी गार्डसाहेबांना मुंबईच्या विमानांच्या क्लबात शिकायला पाठवलं. दर सुट्टीला हे जात आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर होत. वर्षभरात त्यांना पहिलं लायसन मिळालं आणि विमान सोमाटणे आणि परंदवडीच्या मधल्या माळावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये येऊन राहिलं.

शेडची राखण माझ्या चुलत्यांकडे आली. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी मशीनसमोर पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं काम गार्डसाहेबांनी त्यांना शिकवलं होतं. ते काम ते चोख करत, पण गार्डसाहेब तासाभरानं उतरले की त्यांचा दर वेळी एकच सवाल असे.

"कुटं गेलता?"

"कुठं नाही आबा. वर."

"हितनं उडला, हितंच उतारला. मंग ग्येला कुटं?"

"तास भरायला गेलो होतो."

आबा माझ्याकडे बघत. "तुला कळतंय का रं काय?"

मला कुठलं कळायला. पण विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. पहिलं लायसन 'ए', ते हौशी माणसाचं. दुसरं 'बी'. ते मिळालं की टपाल न्यायचं, उतारू न्यायचे, ती नोकरीच. मुंबईच्या एका टपालवाल्या कंपनीनं गार्डसाहेबांना सांगितलं होतं की 'बी' आणा, जागा आहे. आणि 'बी'साठी शंभर तास लागत. इथपर्यंत सोपं आहे. पुढे मी हरवायचो.

"शिकवणाऱ्याबरोबर उडालात ते शंभरात धरायचे?"

"नाही. तेव्हा विमान त्याच्या ताब्यात."

"मुंबईहून दुसऱ्याच्या विमानात बसून आलात तर?"

"शून्य. मी उतारू."

"आणि शेठजींच्या कुत्र्याला घेऊन उडालात तर?"

"सगळा धरायचा. तो उतारू."

"आणि मला घेऊन?"

"तोही धरायचा. तुम्हीही उतारू."

म्हणजे कुत्रा चालतो, मी चालतो, फक्त ज्याला विमान येतं तो माणूस बरोबर नको! मी हे घरी येऊन परत परत मांडून बघितलं. माणूस तोच, आकाश तेच, तेल तेवढंच जळतं, पण एक तास मोजतात आणि एक मोजत नाहीत. रेल्वेत आम्हाला झोपेच्या ड्यूटीचेसुद्धा तास मिळायचे.

एकदा मी त्यांना विचारलं की एवढी चांगली नोकरी असताना हा उपद्व्याप कशासाठी. त्या दिवशी त्यांनी घड्याळ काढलं नाही.

"पार्सलबाबू, गार्ड कुठे बसतो?"

"शेवटच्या डब्यात."

"अठरा वर्षं झाली. राजमाची मी रोज पाहतो, पण मागे जाताना. स्टेशन आलं हे मला ते गेल्यावर दिसतं. एकदा पुढे काय येतंय ते बघत जायचंय मला. बाकी काही नाही."

त्यांच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली असावी असं मला वाटलं, आणि ती त्यांना मिळावी असं मला मनापासून वाटलं. तेव्हापासून शंभर तासांत मीही गुंतलो. गंमत अशी की त्या विमानात चालवणारा मागे बसतो आणि उतारू पुढे. इथेही ते मागेच होते. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "एकटा असलो की पुढे कुणी नसतं ना. मग चालतं."

संक्रांतीच्या सुमारास क्लबातले शिकवणारे कॅप्टनसाहेब माळावर आले. मुंबईत वाढलेले, मोठ्या आवाजाचे, मोडकं मराठी बोलणारे गृहस्थ. गार्डसाहेबांच्या उड्डाणाच्या वहीत तेव्हा एकशे एकतीस तास झाले होते. कॅप्टनसाहेबांनी पाठ थोपटली, आबांनी दिलेलं ताक प्यायलं आणि पानं उलटता उलटता थांबले.

"गार्ड, हे साडेतीन तास? एवढा तर पेट्रोल नाही राहत हिच्यात!"

"बरोबर आहे साहेब. शेडचं कुलूप काढलं दोन वाजता. कुलूप लावलं साडेपाचला."

"पण उडाला किती?"

"एक तास दहा मिनिटं."

कॅप्टनसाहेबांनी वही मिटली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसत हसत बाजेवर बसले. रेल्वेत ड्यूटी सुरू होते ती हजेरीवर सही केल्यावर आणि संपते सही करून उतरल्यावर. गाडी धावली किती हे कुणी विचारत नाही. गार्डसाहेबांनी तसेच तास भरले होते. विमान पुसलं ते धरून, पंखा फिरवला ते धरून, वारा पडायची वाट बघत आबांशी बोलत बसले तेही धरून. कुणीच शेजारी नव्हतं, सांगणार कोण?

"चाक हललं तिथून धर," कॅप्टनसाहेब डोळे पुसत म्हणाले. "चाक थांबलं तिथे सोड. बास."

गार्डसाहेबांचा चेहरा जसाच्या तसा. त्यांच्या वहीत प्रत्येक गोष्ट मिनिटानिशी होती, चाक हललं तेही होतं. त्यांनी लाल शाई मागवली आणि दोन दिवस बसून प्रत्येक ओळ नव्यानं मांडली. एकशे एकतीसाचे अठ्ठ्याहत्तर झाले. मला रडू यायचं बाकी होतं. ते म्हणाले, "वाईट काय त्यात? चूक सापडली. न सापडती तर लायसन खोटं मिळालं असतं." आबांना एवढंच कळलं की आपल्याशी बोललेला वेळ कापला गेला. ते आठ दिवस गार्डसाहेबांशी बोलले नाहीत.

होळीच्या थोडं आधी त्यांनी मला वर नेलं. मी पुढच्या खोबणीत, ते मागे. माझ्या गुडघ्यांमध्येही विमान वळवायचा एक दांडा होता, कारण ते विमान शिकवायच्या जातीचं होतं. त्यांनी दांडा हलवला की माझाही हलायचा, जणू त्या दांड्याला माझ्या पायांशी काही बोलायचं आहे. खाली पवनेचं पाणी दिसत होतं. परंदवडीचं आमचं घर काडेपेटीएवढं झालं होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर थाप पडली. मी वळून पाहिलं तर गार्डसाहेबांचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, मोकळे. ते हसत होते आणि मानेनं मला खुणावत होते की धरा.

मी धरला. दुसरं काय करणार! पहिली काही मिनिटं मी फक्त मरणाचा विचार केला. मग दांडा जरासा डावीकडे नेला तर सगळं मावळ डावीकडून वर आलं, आणि उजवीकडे नेला तर पुन्हा खाली बसलं. हे माझ्या हातानं होत होतं. पार्सलच्या पावत्या फाडणारा माझा हात! मी मधूनमधून मागे वळून पाहत होतो. त्यांचे हात वरच होते. मी तेव्हा हसत होतो की रडत होतो ते वाऱ्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

उतरल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: 'चार बारा ते चार बत्तीस, दांडा पार्सलबाबूंच्या हाती. विमान माझ्या ताब्यात.' आणि वही माझ्यापुढे केली. वावगं काही घडलं तर दोन सह्या लागतात. मी मोठ्या थाटात सही केली. मला वाटलं ही आठवण म्हणून घेतात. पुढचा महिनाभर मी ती वीस मिनिटं लोणावळ्यातल्या प्रत्येक माणसाला सांगितली. स्टेशनमास्तरांना दोनदा सांगितली.

पावसाचे चार महिने विमान शेडमध्ये होतं. भाद्रपदात जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि दसऱ्याच्या आत शेठजींना पत्र आलं की खाजगी विमानं सरकार ताब्यात घेणार आहे, ठरल्या दिवशी मुंबईला आणून द्या. त्या दिवसानंतर हौशी उड्डाणं बंद. गार्डसाहेबांच्या वहीत नव्याण्णव तास बावीस मिनिटं झाली होती. पेट्रोल मुंबईला पोचून थोडं उरेल एवढंच. मुंबई पाऊण तासावर. म्हणजे नेऊन दिलं की शंभर पूर्ण होत होते. बरोबर मी, वह्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन.

निघताना आबांनी पंखा फिरवला आणि ह्या वेळी विचारलं, "आज तरी कुटं चालला?"

"मुंबईला, आबा."

"आन ही माघारी?"

"नाही येणार."

आबा मागे सरले. "व्हय का," एवढंच म्हणाले आणि त्यांनी पंख्यावरून हात फिरवला, बैल विकताना फिरवतात तसा.

शेहेचाळीस मिनिटांत आम्ही मुंबईला उतरलो. एका लष्करी अधिकाऱ्यानं कागदावर सही घेतली, विमानाच्या नाकावर खडूनं आकडा टाकला आणि शिपाई ते ढकलत घेऊन गेले. आम्ही कॅप्टनसाहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. शंभर तास आठ मिनिटं. त्यांनी उठून गार्डसाहेबांचा हात दाबला, छापील अर्ज पुढे सरकवला आणि शिक्का हातात घेतला. अर्जाखाली इंग्रजीत एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा की ह्या सगळ्या वेळात विमान फक्त माझ्याच ताब्यात होतं. गार्डसाहेबांनी टाक उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"साहेब, एक शंका आहे. गाडी ड्रायव्हर चालवतो. पण गाडी ताब्यात असते गार्डाच्या. रेल्वेचा नियमच आहे. इथेही तसंच धरायचं ना?"

कॅप्टनसाहेब हसले. "इथे गार्ड नसते रे बाबा! एकच माणूस असते. ज्याचा हात, त्याचा तास."

गार्डसाहेबांनी टाक खाली ठेवला. वही मागे उलटली. होळीच्या आधीचं पान काढलं आणि कॅप्टनसाहेबांसमोर ठेवलं. मला तेव्हा कुठे उमगलं की काय चाललं आहे. आठ महिने त्या माणसाला प्रामाणिकपणे वाटत होतं की ती वीस मिनिटं त्याची आहेत, कारण त्याच्या जन्मात ताबा आणि हात ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यानं सबंध आयुष्य गाडी ताब्यात ठेवली होती, तिला हात न लावता.

कॅप्टनसाहेबांनी ओळ वाचली. सह्या वाचल्या. मग माझ्याकडे पाहिलं. भला माणूस होता.

"तू फक्त हात ठेवला असेल ना? हौस म्हणून?" ते सावकाश म्हणाले. "चालवत तर हाच होता मागून. असंच ना?"

मला उत्तर शिकवलं जात होतं आणि ते मला पाठ झालं. "हो साहेब. मी नुसता हात ठेवला होता. चालवत गार्डसाहेबच होते."

कॅप्टनसाहेबांनी सुस्कारा टाकला आणि शिक्का उचलला.

"हे खोटं आहे," गार्डसाहेब म्हणाले. "माझे दोन्ही हात वर होते. ह्यांनी वळून पाहिलं होतं. चार वेळा."

शंभर तास आठ मिनिटांतून वीस मिनिटं गेली. नव्याण्णव अठ्ठेचाळीस. बारा मिनिटं कमी. बाहेर शिपाई ते विमान अजून ढकलतच होते, खिडकीतून दिसत होतं. कॅप्टनसाहेब टेबलावर हात आपटून ओरडले, "बारा मिनिट! अरे, उतरायच्या आधी विचारला असता तर वरती दोन चक्कर मारला असता!"

"उतरायच्या आधी शंका आली नव्हती, साहेब."

त्यांनी वह्या गोळा केल्या, टोपी घातली आणि घड्याळ पाहिलं. मला त्यांचा फार राग आला होता. आणि त्याहून राग स्वतःचा आला होता. मी सही केली नसती तर? मी सगळ्यांना सांगत सुटलो नसतो तर? मी दांडा धरलाच नसता तर विमान पडलं असतं, पण ते वेगळं.

परतीच्या गाडीत ते कर्जतपर्यंत प्रत्येक स्टेशनची वेळ घड्याळाशी ताडून पाहत होते. कर्जतला घाटासाठी मागून इंजिन लागलं, डब्याला धक्का बसला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खोटं का बोललात?"

"तुमच्यासाठी. दुसरं काय!"

"माझ्यासाठी बोललात ते कळलं मला. पण ती वीस मिनिटं तुमची होती, पार्सलबाबू. तुम्ही इतक्या सहज ती सोडून दिलीत?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "मला शंभर तास भरायला दोन वर्षं लागली. एक मिनिट मी कुणाला दिलं नसतं. आणि तुम्ही वीस टाकून मोकळे!"

ज्याचं लायसन गेलं तो माणूस मला माझ्या नुकसानीबद्दल रागवत होता.

दुसऱ्या दिवशी नऊ एकला ते पार्सल ऑफिसात आले. हातात एक कोरी छोटी वही. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात माझं नाव, तारीख, 'पवनेवरून', आणि खाली 'एकूण: वीस मिनिटं.' त्यांची सही होती. माझ्या सहीची जागा मोकळी होती. मी सही केली. ते नऊ सहाला गेले.

त्यानंतर ते पुन्हा गाडीवर गेले आणि पुन्हा मागे बसून राजमाची पाहू लागले. विमानाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. लढाई संपली. एके दिवशी तुंगार्लीला उतरलेले एक गृहस्थ आपला कुत्रा सोडवायला माझ्याकडे आले. ते मोठ्या विमान कंपनीत पायलट होते. मला राहवलं नाही. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"तुम्हाला विमान येत होतं का? नाही. मग तुम्ही उतारू. दांडा तुमच्या हातात असो की गुडघ्यात, जबाबदार तोच होता. त्याचे शंभर भरले होते."

"पण कॅप्टनसाहेब म्हणाले..."

"त्यांचं चुकलं. निदान मला तरी तसं वाटतं," ते म्हणाले आणि कुत्रा घेऊन गेले.

आता कुणाचं खरं धरायचं? तरी मी त्या दिवशी धावतच प्लॅटफॉर्मवर गेलो. पुण्याकडची गाडी उभी होती, गार्डसाहेब शेवटच्या डब्यापाशी झेंडी हातात घेऊन. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते. आता त्या लायसनचा काही उपयोग नव्हता, पण आपण शंभर पुरे केले होते एवढं तरी त्यांना कळावं असं मला वाटलं. मी धापा टाकत सांगितलं की गार्डसाहेब, ताबा तुमचाच होता, तुमचंच बरोबर होतं, शंभर तास आठ मिनिटं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुमची वीस मिनिटं?"

"ती मग माझी राहत नाहीत. मी उतारू."

त्यांनी घड्याळ काढलं. पाहिलं. परत खिशात ठेवलं.

"मग राहू द्या," ते म्हणाले. "कॅप्टनसाहेबांचंच बरोबर होतं."

शिट्टी झाली. त्यांनी झेंडी दाखवली आणि डब्यात चढले. गाडी हलली. त्यांचा डबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला पोचला तेव्हा त्यांनी झेंडी आत ठेवली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर केले, मोकळे. माझा उजवा हात आपोआप मुठीत मिटला, दांड्यावर मिटावा तसा. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तसाच उभा होतो, आणि मागे पार्सल ऑफिसात कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं.